नरनाळ्याची वाट : सपाटीवर चालणाऱ्या माणसाचा डोंगरावरचा पहिला दिवस

खारपाण (धागाकर्ता)

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. काळी जमीन, विहिरींना खारे पाणी आणि नजर पोचेल तिथवर सपाट रान असा हा खारपाणपट्ट्याचा मुलूख. पावसाळा सरून हवा निवळली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. लहानपणापासून ती रेघ पाहत आलो, पण वयाची सेहेचाळीस वर्षे उलटेपर्यंत तिच्यावर कधी पाय ठेवला नव्हता. गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी अकोटला गेलो असताना दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, इतक्या जवळ आलात तर नरनाळ्याचा किल्ला पाहूनच जा." त्या एका दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यात माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या आमच्या भागातल्या कोणाच्याही हातून सहज होऊ शकतात.

पहिली चूक निघण्याआधीच, मनात झाली होती. मी शेतकरी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत माझे रोजचे आठ-दहा किलोमीटर चालणे होते. एवढे चालणाऱ्याला एक टेकडी ती काय अवघड, असे मी धरून चाललो. पाहुण्यांच्या घरून चहा-पोहे आटोपून निघता निघता दहा वाजले आणि शहानूरला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात, नरनाळा अभयारण्यात असल्यामुळे पायथ्याशी वनविभागाच्या फाटकावर नोंद केली, शुल्क भरले आणि पायथ्याच्याच गावातला पंचविशीतला एक तरुण वाटाड्या म्हणून सोबत घेतला. वर जायला गाडीरस्ता आहे, परंतु आम्ही जुन्या दरवाजांच्या वाटेने पायी जायचे ठरवले. आम्हा मामा-भाच्यांत मिळून एकेक लिटरच्या दोन बाटल्या होत्या आणि माझ्या पायांत साखरपुड्यासाठी घेतलेले, गुळगुळीत तळाचे चामडी बूट होते. गोड पाण्याची किंमत खारपाणपट्ट्यातल्या माणसाला कोणी सांगावी लागत नाही. घरी एक हंडा वाया गेला तर आम्हाला वाईट वाटते. तरीही डोंगरावर किती पाणी लागेल याचा हिशेब मी केला नाही.

चढाला लागल्यावर मी शेतातल्याच चालीने चालू लागलो. वाटाड्या मात्र इतका सावकाश चालत होता की मला तो रेंगाळतोय असे वाटले आणि मी त्याच्या पुढे निघालो. अर्ध्या तासात छाती भरून आली. तीन वेळा बसावे लागले, आणि प्रत्येक वेळी तो त्याच संथ चालीने येऊन माझ्याजवळ उभा राहिला. त्याला मात्र धाप लागलेली नव्हती. वाट जुनी आहे, काही ठिकाणी दगडी फरसबंदी शिल्लक आहे, तर काही ठिकाणी नुसता मुरूम. सागाची पाने गळायला सुरुवात झाली होती आणि सुपाएवढ्या वाळलेल्या पानांखाली दगड आहे की खळगा, हे पाय टाकल्याशिवाय कळत नव्हते.

या वाटेवर शहानूर दरवाजा, मेहंदी दरवाजा आणि महाकाली दरवाजा लागतात. शहानूर दरवाजावरची दगडात कोरलेली श्वापदे पाहायला थोडा वेळ थांबलो, पण महाकाली दरवाजासमोर मात्र थकवा विसरलो. पांढुरक्या वालुकाश्मात घडवलेला तो दरवाजा, त्यावरची कमळे, बाजूचे नक्षीदार सज्जे आणि वरची सुबक अक्षरांची पट्टी पाहून, आपल्या घरापासून काही तासांच्या अंतरावर असे काही उभे आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले. बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशहाच्या काळात, १४८७ च्या सुमारास हा दरवाजा उभा राहिला. तो बांधवणारा वऱ्हाडचा सुभेदार फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क पुढे स्वतंत्र झाला आणि त्याच्यापासून इमादशाही सुरू झाली.

तिथे पोचेपर्यंत पावणेदोन झाले होते. वाटाड्या म्हणाला, "काकाजी, तलाव पाहून घेऊ अन् तीनच्या आत उतराले लागू." मला नऊगजी तोफ पाहायची होती. किल्ल्याचा माथा केवढा विस्तीर्ण आहे याची कल्पना मला नव्हती, आणि तोफ जवळच असेल असे समजून मी हट्ट धरला. त्याने आणखी दोनदा वेळेची आठवण करून दिली आणि मग माझ्या वयाचा मान राखून तो गप्प झाला. त्याचे ते गप्प होणे मी होकार मानले. तोफ पाहिली. दक्षिणेच्या तटावर उभे राहून आमचाच मुलूख पहिल्यांदा वरून पाहिला: कपाशीचे आणि तुरीचे चौकोन, मधून जाणारे पांढरे धुरे, आणि पलीकडे धुक्यात विरून जाणारी सपाटी. त्या दृश्यासाठी मी पुन्हा चढेन. पण परतीला लागलो तेव्हा पावणेचार वाजले होते आणि दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या.

उतार सोपा असतो हा माझा समज पहिल्या पंधरा मिनिटांतच गेला. मांड्या थरथरू लागल्या, गुडघ्यात जोर राहिला नाही, प्रत्येक पावलाला बोटे बुटाच्या टोकावर आदळू लागली आणि गुळगुळीत तळ मुरमावरून सरकू लागला. भाच्याने वाटेच्या दोन वळणांमधून एक आडवाट धरली आणि लवकर सुटका होईल या आशेने मीही त्याच्यामागे गेलो. मागून वाटाड्या ओरडला, "काकाजी, तिकून नोका जाऊ, खाली नाला हाय!" तोवर मी पाचोळ्यावरून घसरून आठ-दहा फूट खाली गेलो होतो. हाड मोडले नाही. मनगट मुरगळले आणि कोपर सोलले. त्याने आम्हा दोघांना परत वर, जुन्या वाटेवर आणले, आपल्या बाटलीतले उरलेले पाणी मला पाजले आणि हातातली बांबूची काठी मला दिली. मला बसायचे होते, पण तो म्हणाला, "बसू नोका, पाय आखडतीन." मग उताराला पाय आडवा ठेवायचा, पाऊल लहान टाकायचे, गुडघा थोडा वाकलेला ठेवायचा आणि काठी आधी टेकवून मग वजन सोडायचे, असे एकेक सांगत त्याने मला खाली आणले.

सूर्य कड्याआड फार लवकर गेला. फाटकावर आलो तेव्हा अंधार पडला होता. ठरलेली वेळ टळून गेल्याबद्दल तिथे त्या तरुणाला उत्तर द्यावे लागले आणि त्याने आमच्याकडे बोट न दाखवता ते ऐकून घेतले. मनगट आठवड्यात बरे झाले, पण ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. माझ्या हट्टाची किंमत त्याने मोजली.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. आमच्यासारख्या सपाटीवरच्या माणसाने डोंगरासाठी शरीराची तयारी कशी करावी, आणि किती वाजता कुठे असायला हवे याचा अंदाज घरून निघण्यापूर्वीच कसा बांधावा?

---

मेळघाटवाट

आपण प्रांजळपणे लिहिले आहे आणि दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा विचारला आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो. सपाट अंतरासाठी दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि जितका चढ असेल त्यासाठी दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास मिळवावा. समजा, वाट चार किलोमीटरची आहे आणि चढ ४०० मीटरचा आहे; तर अंतराची ४८ मिनिटे आणि चढाची ४० मिनिटे मिळून ८८ मिनिटे होतात. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. नवख्याने तो दुप्पट करावा, आणि उतरायलाही चढण्याइतकाच वेळ लागेल असे धरून चालावे.

मात्र मी हा हिशेब उलट्या बाजूने करतो. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दरीतल्या वाटेवर त्याच्या बराच आधी उजेड कमी होतो. म्हणून पाच वाजता पायथ्याशी असायचे असे आधी ठरवावे. त्यातून उतरण्याचा वेळ वजा केला की माथा सोडायची वेळ मिळते. ती वेळ झाली की तोफ शंभर पावलांवर असली तरी मागे फिरायचे. आपल्या वाटाड्याने "तीनच्या आत" म्हटले, तेव्हा त्याने नेमका हाच हिशेब केला होता.

---

सहल_शिक्षिका

मी अकोट तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन नरनाळ्यावर अनेकदा गेले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना डोंगराची सवय नाही त्यांनी पहिल्या खेपेला गाडीरस्त्यानेच वर जावे, दरवाजे, तलाव, महाल शांतपणे पाहावेत, माथ्यावर दोन-तीन तास पायी फिरून अंतरांचा अंदाज घ्यावा आणि पायवाट पुढच्या खेपेसाठी ठेवावी. किल्ला ओळखीचा झाला की घाई आपोआप कमी होते.

आपण लिहिलेल्या एका गोष्टीवर मात्र मला थांबावेसे वाटते. वाटाड्या गप्प झाला, असे आपण म्हणता. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा अडवणे हा उद्धटपणा समजला जातो, म्हणून पायथ्यावरच मोठ्यांनी त्याला सांगून ठेवले पाहिजे, की "परत फिरायची वेळ तू ठरवायची आणि आम्ही ती ऐकायची." मी मुलींच्या समोर हे वाक्य मुद्दाम उच्चारते, म्हणजे नंतर मलाही त्यातून सुटता येत नाही.

आणखी एक सूचना. उंच कमानींवर आणि कड्यांवर आग्यामोहोळ असते. अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावून जाऊ नये, धूर करू नये आणि कमानीखाली आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान झाकून त्या जागेपासून लांब धावावे.

---

ग्रामीण_आरोग्य

मी ग्रामीण भागात वैद्यकीय सेवा करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या माणसाचे पाय उतारावर का हरतात? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचे वजन रोखून धरतो. हे ताणाखाली रोखून धरण्याचे काम सपाट रानात जवळजवळ करावेच लागत नाही. दम कमी लागतो म्हणून उतार सोपा वाटतो, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती उतारावरच. म्हणूनच दुखणे त्याच दिवशी फारसे जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वाधिक असते आणि साधारण आठवड्यात जाते.

यात एक दिलासा आहे. असे काम एकदा, थोड्या प्रमाणात करून घेतले तर पुढचे काही आठवडे त्याच स्नायूला तेवढी इजा होत नाही. त्यामुळे जायच्या पंधरवडाभर आधीपासून, दिवसाआड, कुठल्याही जिन्यावरून किंवा धरणाच्या पायऱ्यांवरून सावकाश उतरण्याचा सराव करावा. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्यावे. याच कारणामुळे, गाडीने वर जाऊन सरावाशिवाय नुसते पायी उतरण्याचा मोह मात्र टाळावा. सहल_शिक्षिका यांनी तसे सुचवलेले नाही, पण पुष्कळ लोक तसे करतात आणि गुडघे धरून दवाखान्यात येतात.

पाण्याबद्दल सांगायचे, तर दिवसभराच्या डोंगराला माणशी दोन लिटरच्या खाली जाऊ नये, उन्हाळ्यात त्याहून अधिक न्यावे. घाम फार आला असेल तर नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे; मीठ अंदाजाने टाकू नये. डोंगरावरून आल्यावर लघवीचा रंग काळ्या चहासारखा गडद झाला, किंवा स्नायू सुजून कडक झाले, तर घरी शेकत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

---

चौरागड_यात्रेकरू

सगळ्यांची क्षमा मागून वेगळा मुद्दा मांडतो. आपल्या आज्या-आजोबांनी सालबर्डीच्या महादेवाची वाट अनवाणी केली, महाशिवरात्रीला पंचमढीच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन लोक आजही चढतात आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला विदर्भातली खेडीच्या खेडी पावसात डोंगर तुडवतात. त्यांत बहुतेक सगळे तुमच्यासारखेच सपाटीवरचे शेतकरी असतात. त्यांनी कधी मिनिटांचा हिशेब केला नाही की जिन्यावर सराव केला नाही. एका घसरण्यावरून डोंगराबद्दल एवढी धास्ती निर्माण करू नये, असे मला वाटते.

---

खारपाण

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि नाहीही. माझी आजी दोनदा चौरागडाला जाऊन आली होती आणि तिच्या तोंडून त्या वाटेचे वर्णन मी लहानपणी ऐकले आहे. आज ते आठवले की जाणवते, की तिच्या यात्रेत हिशेब होता, फक्त तो कागदावर नव्हता. गावचा तीस-चाळीस जणांचा जथा असे आणि त्यात आधी जाऊन आलेले दहा जण असत. सगळ्यात सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या चालीने सगळा जथा चाले, कारण त्याला मागे टाकणे हा महादेवाचा अपराध मानला जाई. चढताना म्हटल्या जाणाऱ्या महादेवाच्या गाण्यांची लय चालण्याची गती सांभाळत असे. धाप लागली की गाणे थांबे, आणि गाणे थांबले की जथा थांबे. मुक्काम ठरलेले असत आणि परतायची घाई नसे.

मी नरनाळ्यावर गेलो तो एका दुपारपुरता, दोन माणसांच्या घाईने, आणि जो एकटा वाट जाणत होता त्याला मागे टाकून. आजीच्या वाटेवरचे शहाणपण माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी या धाग्यावर ते विचारत आहे. डोंगराची धास्ती मला वाटत नाही.

---

चौरागड_यात्रेकरू

गाण्याच्या लयीची गोष्ट खरी आहे. मी स्वतः ते अनुभवले आहे, पण तिचा असा विचार केला नव्हता. धास्ती हा शब्द मागे घेतो.

---

पायथ्याचा_रहिवासी

मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात राहतो आणि आमच्या घरातला एक जण वाटाड्याचे काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

आडवाटेचा विषय कोणी पुढे नेला नाही. दोन वळणांमधली सरळ वाट वरून सोपी दिसते, पण ती बहुधा पावसाच्या पाण्याने धरलेली ओघळ असते आणि तिच्या टोकाला पाण्याने पाडलेला खडा उतार असतो. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. कठीण थर जिथे संपतो तिथे एकदम कडा येतो, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला तो झाडोऱ्यामुळे दिसत नाही. जुन्या वाटा वळणे घेत जातात, त्या हे कडे चुकवण्यासाठीच. शिवाय प्रत्येक आडवाट पुढच्या पावसात आणखी खोल होते आणि तिची माती जुन्या फरशीवर येऊन पडते.

दुसरे म्हणजे जनावर. लोक येतात ते वाघाची भीती मनात धरून, पण पायी चालणाऱ्याला खरा धोका अस्वलाचा आहे. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलात, ते मोहाखाली पहाटे-सांजेला असते. हिवाळ्यात बोरांसाठी येते. त्याची नजर अधू असते आणि माणूस एकदम समोर आला की ते बिथरून अंगावर येते. म्हणून सांज होण्याआधी उतरायचे असते, एकत्र चालायचे असते आणि वळणावर साध्या आवाजात बोलत राहायचे असते. आपला भाचा एकटा पुढे गेला, ही गोष्ट मला आपल्या घसरण्याहून जास्त काळजीची वाटली.

डोंगरात फोनला रेंज मिळेल असे धरून चालू नये. रेंज असेल तिथून ११२ वर मदत मागता येते, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागासाठी १९२६ आहे. हे क्रमांक घरून निघतानाच सोबतच्या सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत, आणि आपण कुठल्या वाटेने जातो व किती वाजता परतणार हे पायथ्याशी कोणाला तरी सांगून ठेवावे.

त्या तरुणाला फाटकावर बोलणे ऐकावे लागले, असे आपण लिहिले. आमच्याकडच्या मुलांना हे नवे नाही. पाहुणा नाराज झाला तर पुढचा पाहुणा येणार नाही, या भीतीने ती स्पष्ट बोलत नाहीत. आपण त्याला नंतर भेटलात का?

---

खारपाण

हो. लिहायला थोडा संकोच वाटत होता, पण आपण विचारले म्हणून सांगतो. पंधरा दिवसांनी लग्नाच्या खरेदीसाठी पुन्हा अकोटला जायचे होते, तेव्हा वेळ काढून शहानूरला गेलो. त्या दिवशी फाटकावर जे कर्मचारी होते त्यांनाच भेटून, उशीर माझ्यामुळे झाला आणि वाटाड्याने तीनदा सांगूनही मी ऐकले नाही, हे स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग त्या तरुणाच्या घरी गेलो आणि त्याची काठी परत दिली. ती गडबडीत माझ्यासोबतच आली होती. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि ठेवून न घेता मलाच परत दिली. म्हणाला, "राहू द्या काकाजी, पुढच्या खेपेले लागनच."

ग्रामीण_आरोग्य यांनी सांगितल्याप्रमाणे शाळेच्या दुमजली इमारतीच्या जिन्यावर, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, दिवसाआड संध्याकाळी उतरण्याचा सराव सुरू केला आहे. तूर निघाली की जानेवारीच्या शेवटी जायचे ठरते आहे. या खेपेला सकाळी फाटक उघडण्याच्या वेळी पायथ्याशी असू, माणशी दोन लिटर पाणी आणि खाचांच्या तळाचे बूट घेऊ. घरची मंडळी गाडीरस्त्याने वर येतील आणि महाकाली दरवाजापाशी आम्हाला भेटतील. मेळघाटवाट यांच्या उलट्या हिशेबाने माथा सोडायची वेळ दीड वाजताची निघते; ती मी त्या तरुण वाटाड्याला फोनवर सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "एक धरा."

एक धरली आहे.